दुर्बिणीच्या काचेवर दव: या चुका टाळा

मृगातला तेजोमेघ फिका पडत चालला होता. मी फोकस पुढे-मागे केला, आयपीस (डोळा लावायचं भिंग) बदलला, मग आकाशालाच नावं ठेवली. शेवटी टॉर्च तिरपा धरून नळीच्या तोंडाशी पाहिलं, तर पुढची काच दुधासारखी पांढरी! ठळक ताऱ्यांभोवती धुरकट वलय दिसू लागलं आणि फिके तारे गायब व्हायला लागले, की फोकसला हात लावण्याआधी काच बघा.

बाकीच्या चुकांचं मूळ एका गैरसमजात आहे: दव वरून पडतं. ते पडत नाही, काचेवरच धरतं. निरभ्र रात्री काच आपली उष्णता उघड्या आकाशाला देत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. हवा २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन धरू लागते तो, साधारण १८.३ अंशांवर असतो. काच जेमतेम दोन अंशांनी उतरली की पाणी धरलंच. श्मिट-कॅसेग्रेन या आरसे आणि भिंग दोन्ही असलेल्या दुर्बिणीची करेक्टर प्लेट, म्हणजे पुढची पातळ काच, अगदी तोंडाशी असते, म्हणून तिचा नंबर पहिला. न्यूटोनियन या आरशांच्या दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी बराच वेळ तग धरतो. दुय्यम आरसा, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि आयपीस मात्र सुटत नाहीत.

ड्यू शिल्डचं, म्हणजे नळीच्या तोंडापुढे बसवायच्या पोकळ नळकांड्याचं, काम एवढंच, की काचेला दिसणारं आकाश कमी करायचं. ते आखूड असेल तर नुसती शोभा. लांबी मुखव्यासाच्या दीड ते दोन पट हवी, म्हणजे २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला ३० ते ४० सेंटिमीटर. माझं मत विचाराल तर पत्र्यापेक्षा फोमची जुनी मॅट गुंडाळलेली बरी; पत्रा स्वतःच गार पडतो.

काच ऊबदार ठेवणाऱ्या विजेच्या हीटर पट्टीच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे दव दिसल्यावर ती चालू करणं. धरलेलं पाणी उडवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या मानाने काच दवबिंदूच्या एक-दोन अंश वर ठेवायला फार थोडी लागते. म्हणून दुर्बीण मांडली की पट्टी चालू. ती काचेच्या शक्य तितकी जवळ, तिच्या कड्यालगत गुंडाळा. नळीच्या मध्यावर बांधलेली पट्टी नळी तापवते, काच नाही. आणि नॉब शेवटपर्यंत फिरवू नका. गरम काचेसमोरची हवा हलू लागते आणि ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. बॅटरीचा हिशोबही आधीच करा: १२ व्होल्टवर १ अँपिअर घेणारी पट्टी ७ अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मी व्हायला साडेतीन तास घेते.

दव धरलंच, तर पुसू नका, कापड कितीही मऊ असो. ओल्या काचेवरची धूळ कोटिंगवर ओरखडे काढते. हेअर ड्रायर चालतो, पण मंद आचेवर, लांबून, आणि सतत हलवत. तोही तात्पुरताच, काच पुन्हा गार झाली की दव परत. आयपीसवर फुंकर मारून तर काही सुकत नाही, उलट श्वासातली वाफ त्यावर बसते.

शेवटची चूक आवराआवरीची. ओल्या काचेवर टोपण लावून दुर्बीण पेटीत बंद केली, की आत बुरशीची सोय झाली. बाहेरून आत आणताना टोपण असू द्या, नाहीतर खोलीतली ऊबदार, दमट हवा गार काचेवर आणखी पाणी धरते. दुर्बीण खोलीच्या तापमानाला आली की मग टोपण काढा आणि तोंड किंचित खाली करून, काच पूर्ण सुकेपर्यंत तशीच राहू द्या.