शिया बटरचं फेटलेलं बॉडी बटर घरी कसं करायचं (आपल्या उन्हाळ्यात टिकेल असं)

फेटलेलं बॉडी बटर म्हणजे तसं सोप्पं प्रकरण आहे. शिया बटर वितळवायचं, त्यात थोडं पातळ तेल घालायचं, गार करायचं, बीटरने फेटायचं आणि बरणीत भरायचं, बस. पण बहुतेक व्हिडिओ थंड देशातले असतात, तिकडे घरात २० डिग्री असते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये मुंबईत पंख्याखालीसुद्धा ३२-३३ सहज असतं, आणि शिया बटर नेमकं तेवढ्यालाच ढिलं पडायला लागतं. मग काय, आज काठोकाठ भरलेली बरणी दोन दिवसांत अर्धी आणि वर तेलाचा थर. म्हणून ह्या रेसिपीत कोकम बटर आहे, आणि ते निदान फेब्रुवारी ते जून तरी ऑप्शनल समजू नका.

शियाबद्दल थोडंसं, कारण विकत घेताना कामाला येतं. सहारा वाळवंटाच्या खाली सेनेगलपासून पार युगांडापर्यंत जो कोरडा गवताळ पट्टा आहे ना, तिथलं हे झाड. मुद्दाम लागवड फारशी होत नाही, शेतात आपोआप उगवलेलं झाड राखतात, कारण फळ धरायलाच १५-२० वर्षं जातात. घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया इकडे फळं वेचणं आणि बटर काढणं हे बायकांचं काम, आणि काम म्हणजे अंग मोडणारं काम: बिया उकळा, वाळवा, फोडा, भाजा, दळून त्याचा काळपट लगदा करा, मग त्यात पाणी घालत हाताने तो फेटत राहा, हळूहळू फॅट पांढरं होऊन वर येतं, ते काढून परत कढवायचं. तिथे ते स्वयंपाकातही वापरतात. तर हे भाजणं-कढवणं असल्यामुळे अनरिफाइन्ड शियाला धुरकट वास येतो आणि रंग हस्तिदंती किंवा फिकट पिवळा असतो. तो वास म्हणजे माल खराब असं नाही, पण काहींना अजिबात सहन होत नाही, लॅव्हेंडर कितीही ओता, खालून धूर येतोच. तुम्ही त्यातले असाल तर सरळ रिफाइन्ड घ्या, पांढरंशुभ्र आणि बिनवासाचं. रिफाइन करताना त्यातलं काही जातं हे खरं, पण त्वचा मऊ करायचं मुख्य काम ज्या फॅटी अ‍ॅसिडमुळे होतं ती तशीच राहतात. खवट वास आला तर मात्र परत करा, खवट बटर कशानेही सुधारत नाही.

आता कोकम. आमसुलं घालून झाल्यावर ज्या बिया उरतात त्यांच्यातून हे फॅट निघतं. कोकणात बिया वाळवून कुटून पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून घेतात आणि ते थिजायला लागलं की मुठीत दाबून गोळे करतात, तेच मुठेल. भेगा पडलेल्या टाचांवर गरम करून लावायचं, हे सिंधुदुर्गात कुणाला सांगायला नको. हे वितळायला साधारण ३९-४० डिग्री लागते, म्हणजे शियापेक्षा कडक, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. दोघांची जोडी काही ओढूनताणून लावलेली नाही हो, युरोपियन युनियनच्या २००० सालच्या नियमाप्रमाणे चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय जी मोजकी सहा वनस्पती फॅट्स ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यात शिया पण आहे आणि कोकम पण.

गावचं मुठेल असेल तर आधी वितळवून सुती फडक्यातून गाळून घ्या, त्यात बियांचा बारीक चुरा असतो. त्याला स्वतःचा वास आणि तपकिरी झाक असते. ते नको असेल तर कॉस्मेटिकचं सामान विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत वास काढलेलं कोकम बटर मिळतं.

सामान (२०० ग्रॅम होईल, पण फेटल्यावर फुगतं, त्यामुळे ३०० ते ४०० मिली मावेल एवढ्या बरण्या काढून ठेवा)

शिया बटर १३० ग्रॅम, कोकम बटर ३० ग्रॅम, पातळ तेल ४० ग्रॅम. हे थंडीतलं किंवा पुण्या-नाशिकच्या पावसाळ्यातलं माप. उन्हाळ्यात आणि किनारपट्टीवर शिया १२०, कोकम ५०, तेल ३०. ग्रॅम म्हणजे ग्रॅमच, वजनकाट्यावर मोजा, वाटी-चमच्याचा अंदाज इथे चालत नाही कारण घट्ट बटर वाटीत कसं दाबलंय त्यावर सगळं फिरतं.

पातळ तेल म्हणून गोडं बदाम तेल, जोजोबा, नाहीतर बिनवासाचं सूर्यफूल तेल, काहीही चालेल. खोबरेल बऱ्याच जणांना घालावंसं वाटतं, घाला, पण थोडंच, कारण ते २४-२५ डिग्रीलाच पातळ होतं आणि बटर आणखी ढिलं पडतं. तिळाचं तेल त्वचेला छान पण वास दडत नाही.

ह्याशिवाय आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर दोन छोटे चमचे, त्याने तेलकटपणा कमी वाटतो. व्हिटॅमिन ई पाव ते अर्धा छोटा चमचा, हे तेल खवट होणं लांबवतं, बुरशीपासून वाचवत नाही, ह्या दोन गोष्टी लोक नेहमी एक समजतात. आणि वास हवा असेल तर इसेन्शियल ऑइल २० थेंबांच्या आसपास, वजनाच्या १ टक्क्याच्या वर जायचंच नाही. दालचिनी, लवंग नको, चरचरतं. लिंबाचं किंवा बर्गमॉटचं, साल दाबून काढलेलं तेलही नको, ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. तान्ह्या बाळासाठी करत असाल तर वासाचं काहीच घालू नका.

आणि पाणी नाही. म्हणजे गुलाबपाणी नाही, कोरफडीचा गर नाही, ग्लिसरीनही नाही. पाणी आणि तेल नुसतं फेटून एकजीव होत नाही, त्याला इमल्सिफायर लागतो, आणि पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह लागतं, नाहीतर पंधरवड्यात बुरशी. आपलं बटर बिनपाण्याचं आहे म्हणूनच ते प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकतं.

कृती

१. भांडी, बीटरच्या काड्या, बरण्या सगळं धुऊन खडखडीत कोरडं करा. पुसून भागत नाही, झाकणाच्या आट्यांत पाणी राहतं, रात्रभर उघडं वाळवलेलं बरं.

२. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, त्यावर स्टीलचं किंवा जाड काचेचं भांडं ठेवा, तळ पाण्याला लागू नये. आधी कोकम टाका, त्याला वेळ लागतो. ते वितळत आलं की शिया, गॅस बारीक. घाई नको, पण पूर्ण वितळलं पाहिजे, एकही पांढरा कण तरंगताना दिसता कामा नये. वाफेचं पाणी ओघळून आत पडणार नाही एवढं बघा, भांडं उतरवलं की आधी बाहेरून पुसायचं, मग बाकी सगळं.

३. खाली उतरवून पातळ तेल घाला, ढवळा. पाचेक मिनिटांनी व्हिटॅमिन ई.

४. आता गार करणं, आणि सगळा खेळ इथेच आहे. तूप ओट्यावर हळूहळू थिजू दिलं की छान रवाळ होतं, आणि आपल्याला तेच आवडतं, शियाचं पण अगदी तसंच होतं, फक्त इथे ते नको असतं. फॅटमधला जो भाग जास्त तापमानाला गोठतो तो हळू गार होताना आधी वेगळा होऊन कण धरतो, आणि मग अंगाला लावताना वाळूसारखं टोचतं. कण ओंगळ लागतात एवढंच, बटर खराब झालेलं नसतं. म्हणून भांडं कोमट झाल्याबरोबर झाकण ठेवून सरळ फ्रीजरमध्ये. दर पाच मिनिटांनी बघा. कडेला पांढरं धरायला लागलं की चमच्याने खरवडून मधे ढवळा, परत ठेवा. १५ ते २० मिनिटांत सगळं दुधाळ, अपारदर्शक होतं, बोट लावलं तर खळगा पडतो पण बोटाला पातळ तेल लागत नाही. काढा. दगड झालं तर बाहेर ठेवून जरा मऊ होऊ द्या.

दमट हवेत एक त्रास होतो, फ्रीजरमधून काढलेल्या भांड्याला बाहेरून लगेच घाम सुटतो आणि तो थेंब कडेवरून आत जायला वेळ लागत नाही. भांड्याभोवती कोरडा पंचा गुंडाळा आणि मगच झाकण काढा.

५. आरारूट चाळणीतून भुरभुरवा, इसेन्शियल ऑइल घाला, आणि इलेक्ट्रिक बीटर आधी मंद, मग जोरात. दोनशे ग्रॅमला उथळ परात नको, अरुंद खोल भांडं घ्या, नाहीतर काड्या वरच्यावर फिरतात. दोन-तीन मिनिटांत पिवळसरपणा जाऊन पांढरं व्हायला लागेल. थांबा, कडा खरवडा, पाच मिनिटं फ्रीजमध्ये, परत फेटा. बीटरच्या घर्षणाने आणि खोलीच्या उष्णतेने ते गरम होत असतं, म्हणून मधे गार करणं टाळू नका. दुसऱ्या फेरीत ते दुप्पट नाही तरी दीडपट फुगतं, काड्या उचलल्या की टोक उभं राहतं, वाकत नाही. झालं.

मिक्सरच्या भांड्यात होतं का, हे सगळे विचारतात. क्रीम होतं, फुगत नाही, कारण पाती कापतात, हवा भरत नाहीत, आणि वर गरम करतात. हाताच्या व्हिस्कने होतं, फक्त दंड भरून येतात.

आणि शिया आधीच मऊसूत असेल तर वितळवायची गरजच नाही हे फार जण सांगत नाहीत. कोकम तेवढं तेलात वितळवून कोमट करा, मऊ शियात ओतून लगेच फेटा, पुढचं गार करणं तेच. शिया स्वतःच रवाळ आलं असेल तर मात्र वरचीच पद्धत.

६. कोरड्या चमच्याने बरणीत भरा, ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे मधले खड्डे बसतात. जोरात नको, हवा जाईल. तारीख लिहून चिकटवा.

भांडी थेट सिंकमध्ये घालू नका प्लीज, हे पाइपात जाऊन थिजतं. आधी वर्तमानपत्राने पुसा, मग गरम पाणी आणि साबण.

लावताना

अंघोळ झाल्या झाल्या, अंग अजून ओलसर असताना लावा. हे बटर स्वतः ओलावा देत नाही, आहे तो उडू देत नाही, त्यामुळे सुकलेल्या त्वचेवर थापलं तर नुसतं तेलकट वाटतं. बोटाच्या पेरावर मावेल एवढं पूर्ण हाताला पुरतं. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. ज्यांना सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी शिया आणि बदाम तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्यावर नको. आणि शिया बटरने ऊन अडतं असं जे फिरत असतं त्यावर विसंबू नका, सनस्क्रीन ते सनस्क्रीनच.

बरणीत ओला हात घालायचा नाही, बाथरूममध्ये ठेवायची नाही. सावलीत, झाकण घट्ट, असं ५-६ महिने आरामात जातं, खवट वास आला की टाकून द्या. मैत्रिणींना भेट द्या खुशाल, पण विकायचा विचार असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचं लायसन्स लागतं, घरच्या ओट्यावर करून ऑनलाइन ऑर्डर घेणं त्यात बसत नाही.

राहता राहिला विदर्भ-खानदेशातला मे महिना. ४४-४५ डिग्रीत कोकमसुद्धा वितळतं, तिथे फेटण्यात अर्थ नाही, सगळी हवा निघून जाणार. तेव्हा कोकम १००, शिया ५० आणि तेल ५० ग्रॅम एकत्र वितळवा, न फेटता छोट्या चपट्या डब्यांत ओता आणि लगेच फ्रीजमध्ये. टाचांना, कोपरांना, ओठांना घासून लावायचं. दुपारी वितळून रात्री परत थिजलं तर थोडं रवाळ होईल, तेवढं चालवून घ्या, किंवा डबी माठाजवळ ठेवा.