कोटेशनमधला एक ‘वगैरे’

सॉफ्टवेअर बनवून द्यायचं फिक्स प्राइसचं, म्हणजे एकदाच ठरलेल्या रकमेचं, पहिलं कोटेशन पाठवायच्या बेतात असाल तर आधी ती फाईल उघडा अन् त्यात ‘वगैरे’, ‘इत्यादी’, ‘आवश्यकतेनुसार’ असलं काही सापडतं का बघा. सापडलं तर खोडा, मग पुढचं वाचा.

माझ्या कोटेशनमध्ये एकच ‘वगैरे’ होता. ओळ अशी होती, ‘स्टॉक, खरेदी-विक्री आणि उधारीचे रिपोर्ट वगैरे’. नोकरी सोडून दोन महिने झाले होते, ओळखीतून नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचं काम आलं, त्यांना शेतकऱ्याची हिशोबपट्टी कम्प्युटरवर हवी होती, म्हणजे वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं वजा होऊन हातात किती पडले ते. मी ९० दिवस धरले, दिवसाचे २,०००, म्हणून १,८०,००० सांगितले. त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही. तेव्हाच डोक्यात घंटी वाजायला पाहिजे होती, पण मी बर्डीवर जाऊन नवीन खुर्ची घेऊन आलो.

पैसे ३० टक्के ॲडव्हान्स, ३० डेमोनंतर अन् ४० ‘काम पूर्ण झाल्यावर’. ‘पूर्ण’ कोण म्हणणार, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

डेमो झाला, मालक खुश. मागे मुनीमजी उभे होते, ते म्हणाले हमालीचा टोळीप्रमाणे रिपोर्ट कुठे आहे? मी म्हटलं तो ठरला नव्हता. मालकांनी ड्रॉवरमधून माझंच कोटेशन काढलं, त्या ओळीवर बोट ठेवलं अन् एकदम शांतपणे म्हणाले, ‘वगैरे लिहिलंय नं भाऊ तुम्हीच.’

त्यांच्या जागी मी असतो तरी हेच म्हटलं असतं, त्यामुळे आता राग येत नाही. पण तुम्ही नीट समजून घ्या, कारण लोक याला ग्राहकाचा लबाडपणा समजतात अन् गाडी तिथेच चुकते. ‘वगैरे’ लिहिताना माझ्या डोक्यात होतं की एखाददुसरा बारका रिपोर्ट फुकट देऊन टाकू. वाचताना त्यांच्या डोक्यात होतं की धंद्याला लागतात ते सगळे रिपोर्ट. दोघंही खरे. मग हमालीचा रिपोर्ट आला, त्यात ५० किलोच्या कट्ट्याचा दर वेगळा, मोठ्या पोत्याचा वेगळा, म्हणून एन्ट्रीच्या स्क्रीनवर एक कॉलम वाढला, कॉलम वाढला म्हणून पट्टीची प्रिंट बदलली, जुन्या दोन महिन्यांच्या एन्ट्रीत तो कॉलम रिकामा म्हणून बेरजा चुकायला लागल्या. कॉलम अर्ध्या तासाचा, निस्तरणं चार दिवसांचं. त्याच्या मागोमाग उधारीवर व्याज, मग टॅलीत, म्हणजे त्यांच्या अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपोआप एन्ट्री, मग पट्टी शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर. प्रत्येक वेळी व्हॉइस नोट, ‘भाऊ, एक छोटंसं राहिलं.’ मे महिन्यात कूलरसमोर बसून मी त्या नोटा ऐकून राहिलो होतो अन् प्रत्येक वेळी वाटायचं की एवढं केलं की शेवटचे ७२,००० येतील. त्या ७२,००० नीच मला बांधून ठेवलं होतं.

९० चे २१० दिवस झाले. शेवटी ७२,००० मधले ४०,००० घेऊन मी हात जोडले. म्हणजे दिवसाला साधारण ७०५ रुपये, खुर्चीचे वेगळे गेले.

मला यातून बाहेर काढलं ते आमच्या लेआउटमधल्या एका काकांनी. ते पीडब्ल्यूडीचे जुने ठेकेदार, सॉफ्टवेअरचा गंध नाही. तर्री पोहे खाता खाता सगळं ऐकलं अन् म्हणाले, ‘अबे, एक्स्ट्रा आयटम होता नं तो, मंग तू कायले केलं? मी त लेखी पत्र आल्याबिगर फावडं नाई उचलत.’ मग त्यांनी मला एमबी समजावली, मेजरमेंट बुक. जेवढं काम झालं तेवढं मोजून त्यात चढतं, इंजिनिअरची सही होते अन् त्यावरून बिल निघतं. काम ‘पूर्ण’ व्हायची वाट कोणी बघत नाही. नंतर काही काळ दोष निघाला तर ठेकेदार दुरुस्त करतो, पण दोष म्हणजे दोष, नवीन खोली नाही.

मी हे जसंच्या तसं उचललं. आता कोटेशनला स्क्रीन अन् रिपोर्टची नावानिशी यादी असते, प्रत्येक रिपोर्टचे कॉलमसुद्धा. त्याच्याखाली तेवढीच मोठी ‘यात नाही’ची यादी, जुना डेटा भरणं नाही, टॅली नाही, मोबाइल ॲप नाही. ही दुसरी यादी लिहायला लाज वाटते, ग्राहक पळेल असं वाटतं. माझा एक पळाला. बाकीचे उलट तिथूनच बोलायला लागले की टॅली तर पाहिजे, किती घ्याल? स्क्रीन दिली की सात दिवसांत लेखी हरकत, नाहीतर मान्य, अन् पैसे स्क्रीनच्या गठ्ठ्याप्रमाणे, शेवटाला १० टक्क्यांच्या वर काही ठेवायचं नाही. ३० दिवस बग दुरुस्ती फुकट. नवीन मागणी आली तर तिचा वेगळा भाव अन् वेगळे दिवस, मेलवर ‘हो’ आल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, काम घ्यायच्या आधी करून ठेवा, फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्याला हाकला. छोट्या धंद्यांसाठीच्या एमएसएमई कायद्यात पेमेंटला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. अन् काम करून दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर दिलेल्या दिवशीच ते मान्य झालं असं धरतात. मला हे आधी माहीत असतं तर! पण यासाठी दिल्याची तारीख कुठेतरी लेखी पाहिजे, माझ्याकडे नुसत्या व्हॉइस नोटा होत्या. जीएसटी रजिस्टर असाल तर ‘१८ टक्के वेगळे’ हे आकड्याच्या शेजारीच लिहा, खाली बारीक अक्षरात नको.

नेटवरचे कोटेशनचे टेम्पलेट वापरू नका, माझा वगैरे तिथूनच आला होता. एआयकडून लिहून घेतलेल्या प्रपोजलमध्ये तर ‘सर्वसमावेशक’ हा शब्द हमखास असतो, तो म्हणजे वगैरेचा बाप. अन् शनिवार-रविवार फ्रीलान्सिंगचा कोर्स विकणारे मेंटॉर, त्यांना एवढंच विचारा की तुमचं शेवटचं पेमेंट किती दिवस अडकलं होतं? ज्याचं कधीच अडकलं नाही त्याने कामच केलेलं नाही, असं माझं मत आहे, चुकीचं असेल तर असू द्या.

आणि ज्या कामात ग्राहकालाच काय पाहिजे ते कळलेलं नाही तिथे पक्का भाव देऊच नका, सरळ नाही म्हणा. आधी आठ-दहा दिवसांचे पैसे घेऊन फक्त यादी बनवून द्या, मग त्या यादीचा भाव सांगा. पहिल्यांदा मागताना जीभ अडखळते, माझी अडखळली होती. देतात लोक, सगळे नाही, पण देतात. पहिल्या कामात तुमचंही थोडंफार जाईलच बाप्पा, त्याने कोणी रस्त्यावर येत नाही, मीही आलो नाही.

त्या मुनीमजींचा परवा फोन आला, गोडाउनचा स्टॉक वेगळा दिसायला पाहिजे म्हणे, छोटंसंच आहे. मी चार दिवस अन् १२,००० चा मेल टाकला. अजून उत्तर नाही, लॅपटॉप बंद आहे.