इंजिनाचा आवाज ऐकून घाबरताय? आधी या चुका टाळा

नवी गाडी दारात आली की साताऱ्यात कंदी पेढा खाता खाता कोणतरी मामा बोनेटपाशी कान लावणारच, आणि मग शेरा ठरलेला, "ट्रॅक्टरवानी आवाज येतोय लका, शोरूमला परत दाखवून घे." गंमत अशी की मामांचा कान एकदम बरोबर असतो, फक्त त्यातून काढलेला अर्थ चुकतो. स्वराज 744 ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, आणि आजच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या पण तीनच सिलिंडरच्या, मग ठेका जुळणारच ना.

बऱ्याच जणांचे पैसे याच चुकीत जातात, म्हणजे आपली तीन सिलिंडरची गाडी शेजाऱ्याच्या चार सिलिंडरवाल्या गाडीशी लावून बघायची. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दोन फेरे मारतो तेव्हा प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. चार सिलिंडर असतील तर दर 180 अंशाला एक फायरिंग, तीन असतील तर दर 240 अंशाला. 800 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 800 फेरे मारत गाडी नुसती चालू उभी असताना (आयडलला) चारवाली सेकंदाला जवळपास 27 वेळा पेटते आणि तीनवाली 20 वेळा, एवढ्या खालचे ठोके कानाला सलग न वाटता सुटे सुटे वाटतात, म्हणून ती घरघर. वर तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत डुलतं पण, कारण पहिला पिस्टन आणि तिसरा पिस्टन एकमेकांचा झटका पूर्ण मारत नाहीत. स्टेअरिंगला आणि सीटला जे हलकं कंपन येतं ते त्याचंच. चारवालीचं दुखणं वेगळं, ती खाली शांत असते आणि वरच्या आरपीएमला बारीक झणझणते. मारुती 800 सुद्धा तीनच सिलिंडरची होती, 796 सीसी, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही, पण 2024 ची स्विफ्ट चारवरून तीनवर आली आणि जुन्या स्विफ्टवाल्यांना लगेच फरक कळला. तो फरक खरा आहे पण तो बिघाड नाही, त्यासाठी फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं ते, बदलायला सांगणारा मेस्त्री भेटला तर आधी विचारा की फाउंडेशनचं रबर फाटलंय का ते दाखव. फाटलेलं असेल तर गिअर टाकून क्लच सोडताना इंजिन उडी मारल्यासारखं हलतं आणि ठक्क असा आवाज येतो. आणि मुख्य म्हणजे ते कंपन आधी नव्हतं, आत्ता सुरू झालंय, असं असतं. पहिल्या दिवसापासून तेवढंच असेल तर ती तिची जातच आहे.

याच्या अगदी उलटी चूक पण होते, आणि ती जास्त महागात पडते. चार सिलिंडरवाली गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर पेटेनासा झाला, की लोक म्हणतात, "तीनवर चाललीय, चालू दे, घरापर्यंत जाईल." पण एक सिलिंडर बंद पडलेली चारवाली तीनवालीसारखी वाजत नाही. तीनवालीत अंतर सारखं असतं, इथं 180, 180 आणि मग एकदम 360 चा खड्डा. भजनात एका टाळकऱ्याचा टाळ चुकावा तसा तो ठेका लंगडतो, आयडलला एक्झॉस्टच्या तोंडाशी हात धरला तरी हाताला कळतं. बहुतेक वेळा स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर यातलं काहीतरी असतं, स्वस्तात सुटतं. तशीच पळवत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं, तो तापून आतून वितळतो, आणि मग बिल बघून डोळे फिरतात. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटला असेल तर हळू जाऊन दाखवा, पण तो उघडझाप करत असेल तर गाडी बाजूला घ्या.

डिझेलची खडखड आणि पेट्रोलची खडखड

ही एक नाही. डिझेलमध्ये स्पार्क नसतोच, दाबून तापलेल्या हवेत डिझेल मारलं जातं, ते पेटायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात साठलेलं सगळं एकदम पेटतं, तोच तो कडकड आवाज. इंजिन थंड असलं की हा उशीर वाढतो, म्हणून डिसेंबरात पहाटे बोलेरो चालू केली की सगळी गल्ली उठते आणि दहा मिनिटांनी तीच गाडी शहाण्यासारखी वागते. नवीन कॉमन रेल इंजिनं मुख्य फवाऱ्याआधी थोडंसं डिझेल सोडून घेतात, म्हणून ती गप्प असतात. थोडक्यात डिझेलला खडखड जन्मापासून आहे.

पेट्रोल गाडीत मात्र धातूवर खडे पडल्यासारखी खडखड यायला नको. यवतेश्वरचा घाट चढताना चौथ्या-पाचव्या गिअरला, 1200 आरपीएमला, चार माणसं बसवून ॲक्सिलेटर दाबून धरला की ती येते, कारण स्पार्कच्या ज्वाळेची वाट न बघता कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. ॲव्हरेज वाचवायच्या नादात हे करतात लोक. ॲव्हरेज तर वाचत नाहीच, पिस्टनला मार बसतो तो वेगळा. गिअर खाली टाका, आरपीएम वर येऊ द्या, आवाज जातो. गिअर टाकूनही खडखड राहिली तर मग दाखवा.

टिकटिक आली की जाड ऑइल घाला, हा सल्ला साताऱ्यात पोवई नाक्यापासून एमआयडीसीपर्यंत फुकट मिळतो. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 असं पातळ ऑइल लिहिलंय आणि तुम्ही जाड 20डब्ल्यू-50 भरलं तर आवाज दबेल कदाचित, पण थंड इंजिनात ते वर पोचायला वेळ लागतो आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतो, म्हणजे आवाज लपवायच्या नादात चेनची वाट लावली. सीएनजीवाल्यांनी तर टिकटिकीला एवढं घाबरूच नये, गॅसचे इंजेक्टर मुळातच मोठ्याने वाजतात. पेट्रोलवर टाकून बघा, टिकटिक बंद झाली तर विषय संपला.

पुंगळी

सायलेन्सर फोडून किंवा त्याच्या आतली आवाज दाबणारी पुंगळी काढून गाडी "व्ही-8 सारखी", म्हणजे दोन ओळींत आठ सिलिंडर असलेल्या इंजिनासारखी, वाजत नाही, ती फक्त मोठ्याने स्वतःसारखीच वाजते. अमेरिकन व्ही-8 चा तो गडगडाट क्रँकच्या रचनेतून येतो, एकूण फायरिंग दर 90 अंशाला सारखंच, पण एका बाजूचे चार सिलिंडर बघितले तर अंतर 90, 180, 270 असं कमीजास्त पडतं. फेरारीच्या व्ही-8 चा क्रँक सपाट असतो, दोन्ही बाजू आळीपाळीने पेटतात, म्हणून ती किंचाळते. जुन्या सुबारूची गुरगुर तर एक्झॉस्टच्या नळ्या कमीजास्त लांबीच्या असल्यामुळे. बुलेट एकाच सिलिंडरची, 1000 आरपीएमला सेकंदाला आठच्या आसपास ठोके, म्हणून ते धक धक मोजता येतात. हे सगळं इंजिनाच्या आत ठरलेलं, ते दोन हजारांच्या पाइपात कुठनं येणार? वर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि पोलीस असले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात ते वेगळंच.

प्रत्येक आवाज इंजिनाचाच असतो असं पण नाही. गाडी उभी करून रेस द्या, आवाज आला तर इंजिनाकडचा. पळतानाच येत असेल तर सपाट मोकळ्या रस्त्यावर स्पीड तोच ठेवून एक गिअर खाली टाका, आरपीएम बदलूनही घुंघुं तशीच राहिली तर टायर किंवा व्हील बेअरिंग. वळणावर कमीजास्त झाली तर बेअरिंगच धरा.

पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून बघायची, ही चूक कृष्णाकाठच्यांना वेगळी सांगायला नको, 2019 ला सांगलीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, चावी फिरवूच नका, टो करून न्या.

आणि मेस्त्रीकडे गाडी गरम करून नेऊ नका. टायमिंग चेनची खळखळ चालू केल्यावर पहिले काही सेकंदच असते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळीचा) लीक धातू तापून फुगला की बऱ्याचदा गप्प होतो, उलट इंजिनाच्या आतल्या बेअरिंगचा ठोका ऑइल गरम होऊन पातळ झालं की जास्त ऐकू येतो. म्हणून सकाळी पहिल्यांदा चालू करताना बोनेट उघडून मोबाईलवर रेकॉर्ड करा, गरम झाल्यावर परत एकदा करा, आणि दोन्ही त्याला ऐकवा. जमलं तर रात्री गाडी गॅरेजलाच ठेवा, म्हणजे सकाळी थंड इंजिन तो स्वतःच चालू करेल.