जुनी इनोव्हा घ्यायची तयारी: घरातल्या सात माणसांपासून पहिल्या महिन्याच्या खर्चापर्यंत

आमच्या घरात सात माणसं. आई-बाबा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन पोरं. राहतो कराडला, बायकोचं माहेर चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट वर्षातून सात-आठ वेळा ठरलेला. छोट्या गाडीत पाच जण बसायचे आणि आत्या नि बाबा एसटीने मागून यायचे, हे मला कित्येक वर्षं टोचत होतं. शेवटी जुनी इनोव्हा घ्यायची ठरवली, चार महिन्यांत अकरा गाड्या बघितल्या, आणि 2013 ची डिझेल घेतली, 1 लाख 74 हजार चाललेली. आता ओळखीतलं कुणी ना कुणी दर आठवड्याला विचारतं की काय काय बघायचं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

पहिली तयारी घरातच करायची, मोबाईलवर गाड्या बघायच्या आधी. कोण कुठे बसणार ते ठरवा, अगदी नावानिशी. इनोव्हा सात सीटर आणि आठ सीटर अशा दोन्ही येते; सात सीटरला मधल्या रांगेत दोन सुट्या सीट असतात, दोन्हीला हाताला टेकू, मध्ये जागा. आठ सीटरला मध्ये सलग बाकडं. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर सुट्या सीट फार सोयीच्या, आणि मोजून आठ माणसं असतील तर प्रश्नच नाही, आठ सीटरच घ्या. आमच्या आईचे दोन्ही गुडघे दुखतात, आणि ही गाडी ट्रकसारखी चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेली असल्यामुळे फ्लोअर उंच आहे, चढताना पाय बराच उचलावा लागतो. हे मला आधी सुचलंच नव्हतं. पहिल्या दोन गाड्या मी आणि मित्र बघून आलो, तिसऱ्या वेळी आईला नेलं तेव्हा कळलं की तिला वर धरायला हॅन्डल आणि खाली पायरी पाहिजेच. पायरी नंतर बाजारातून बसवून मिळते, पण बसवल्याशिवाय ती गाडी आपल्या घरच्या कामाची नाही हे आधी माहीत असलेलं बरं.

म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे की गाडी बघायला अख्खं घर घेऊन जा. विकणारा वैतागला तरी चालेल. सगळ्यांना आपापल्या जागी बसवा, दारं लावा, एसी चालू करा आणि पंधरा मिनिटं तसंच बसून राहा. शेवटच्या रांगेत जो बसणार आहे त्यालाच तिथे बसवा, तुम्ही बसून बघून उपयोग नाही. मागच्यांसाठी छताला वेगळे ब्लोअर आहेत, त्यातल्या प्रत्येकासमोर हात धरून बघा. आम्ही बघितलेल्या एका गाडीत पुढे बर्फासारखी हवा आणि मागे नुसता वारा येत होता, मालक म्हणाला गॅस भरला की होईल, आमचा मिस्त्री म्हणाला मागची कूलिंग कॉइल लीक आहे आणि ते काम गॅस भरण्याइतकं स्वस्त नाही. आम्ही फक्त पुढे बसून आलो असतो तर हे कळलंच नसतं.

सामानाचं पण तेव्हाच बघा. शेवटची रांग वापरात असेल तर मागे दोन-तीन मध्यम बॅगा राहतात, त्याच्यावर नाही. ती सीट दोन भागात आहे आणि घडी घालून दोन्ही बाजूंना उचलून लावता येते, मग मात्र मागे भरपूर जागा होते, पण तेव्हा माणसं सात सीटरला चारच आणि आठ सीटरला पाच (एक बाजू उघडी ठेवली तर एखादं जास्त). सात माणसं आणि गणपतीला आठ दिवसांचं सामान असा हिशोब असेल तर वरच्या कॅरिअरचे पैसे आत्ताच धरा. घडी घातलेली सीट अडकवायचा पट्टा आणि हुक जागेवर आहे का तेही बघा, जुन्या गाड्यांत ते तुटलेलं असतं आणि वळणावर सीट धाडकन खाली येते, लहान पोरं मागे असली की धोका आहे.

आता वर्ष आणि इंजिन. जुनी इनोव्हा आपल्याकडे 2005 ला आली, टोयोटाच्याच क्वालिसच्या जागी, आणि 2016 ला क्रिस्टा (नवी इनोव्हा) आली तोपर्यंत चालली. बहुतेक गाड्या अडीच लिटर डिझेलच्या मिळतील. त्या इंजिनला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) आहे, चेन नाही, आणि हा मुद्दा पाठ करून जा. लाख ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान तो बेल्ट बदलावाच लागतो, आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह-पिस्टन एकमेकांवर आपटून हेड खोलायची वेळ येते. दोन लिटर पेट्रोलला चेन आहे, पण पेट्रोल गाड्या कमी दिसतात आणि पितातही जास्त. डिझेलचं ॲव्हरेज आम्हाला गावात 10 च्या आसपास आणि हायवेला 12-13 मिळतं, टाकी 55 लिटरची. कुणी 16 सांगत असेल तर मला तरी ते पटत नाही.

किलोमीटरला घाबरू नका, बिलं नसण्याला घाबरा. माझ्या मामांची 2008 ची गाडी पावणेचार लाख चालली आहे, इंजिन अजून खोललेलं नाही, कारण त्यांनी ऑइल, फिल्टर, कूलंट कधी पुढे ढकललं नाही आणि प्रत्येक बिल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय. उलट एका एजंटने मला 82 हजार चाललेली गाडी दाखवली, क्लच पेडलचं रबर घासून गुळगुळीत, स्टेअरिंगचा वरचा थर निघालेला, ड्रायव्हर सीटचा फोम बसलेला. 82 हजारात असं होत नाही, मीटर मागे घेतलेलं दिसत होतं. म्हणून गाडीचा नंबर आणि चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारा, तिथे प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते निघतं. मालकालाच सोबत न्या, म्हणजे माहिती द्यायला ते का-कू करत नाहीत.

पुराच्या गाडीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ते आम्ही जवळून बघितलंय. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा सासऱ्यांच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. त्याच आठवड्यात महाड, कोल्हापूर, सांगली, आणि सांगली-कोल्हापूरला तर 2019 च्या ऑगस्टमध्ये पण. त्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या असं नाही, बऱ्याच धुऊन पुसून परत रस्त्यावर आल्या. वरून ओळखू येत नाहीत. ओळखायचं असं: सगळ्या सीटचे बेल्ट, मागच्या रांगेतले पण, शेवटपर्यंत बाहेर ओढा, आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ किंवा पिवळट डाग दिसतो कारण तिथे कुणी धुवत नाही. सीटखाली टॉर्च मारून रेल आणि स्प्रिंग बघा, गंज असेल तर विचारा का. कार्पेट कोपऱ्यातून उचला, खालचा फोम हाताने दाबा, वास घ्या. डॅशबोर्डच्या खाली वायरिंगचे कनेक्टर असतात त्यात हिरवट बुरशीसारखं दिसलं तर तिथूनच परत फिरा, कारण पाण्यात गेलेल्या वायरिंगचा त्रास आज नाही तर सहा महिन्यांनी, आणि तो रात्री घाटात लाइट जाऊन होऊ शकतो. गाडीत अत्तराचा फार घमघमाट असेल तरी सावध व्हा. आणि कोकणातली, मुंबईतली गाडी असेल तर पुरात नसली तरी खालून गंज बघायचाच, खाऱ्या हवेने चासी, सायलेन्सर, मागे खाली टांगलेली स्टेपनी आणि तिची साखळी सगळं खाल्लेलं असतं. आमच्या गाडीची स्टेपनी खाली उतरवायलाच मिस्त्रीला तासभर लागला, पंक्चर झालं असतं रस्त्यात तर काय केलं असतं.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे. गाडी चांगली असू शकते, पण तिकडची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स, पुन्हा रजिस्ट्रेशन, एमएचचा नंबर, हा सगळा खर्च आणि हेलपाटे धरून मग किंमत बघा. आम्ही हिशोब केला तेव्हा फरक इतका कमी उरला की नाद सोडला. तसंच आधी पिवळ्या पाटीवर टुरिस्टला चाललेली आणि नंतर पांढरी करून घेतलेली गाडी पण खूप मिळते. वाईटच असते असं मी म्हणणार नाही, मामांची तशीच होती, पण ते आपल्याला सांगून विकली पाहिजे आणि किंमत त्या हिशोबाने पाहिजे.

बघायला सकाळी जा आणि आधीच सांगा की गाडी स्टार्ट करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागलं पाहिजे. धूर बघा, काळा असेल तर इंजेक्टर किंवा एअर फिल्टरकडे बोट, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि थांबतच नाही म्हणजे कूलंट आत जातंय की काय ते बघायचं. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण उघडून मिस्त्रीला बघू द्या, भसाभसा वाफा येत असतील तर रिंग-बोरचं काम (म्हणजे इंजिन खोलायचं) जवळ आलंय. मिस्त्री आपला न्या, आणि त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, फुकट आलेला माणूस घाईत बघतो.

ट्रायलला सपाट रस्त्यावर एक फेरी मारून चावी परत देऊ नका. घरच्यांना बसवून चढ चढवा. आम्ही सहा जण बसून उंब्रजच्या पुढे पालीच्या बाजूला खराब रस्त्यावर पण नेली आणि हायवेला 90 ला पण. चढाला तिसऱ्या गिअरला गाडी उचलते का, क्लच सरकतो का, म्हणजे आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असं होतं का, ते बघा. मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, त्यामुळे 60 ते 80 ला मागून घुंईऽ असा आवाज आला तर डिफरन्शिअल (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा डबा) किंवा बेअरिंग, हे शेवटच्या रांगेत बसलेल्याला आधी ऐकू येतं, माझ्या मुलानेच एका गाडीत सांगितलं. खड्ड्यात पुढून खडखड आली तर बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, हे होणारच, फक्त त्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, नक्षी चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षं जुना टायर माणसं भरून घाटात न्यायचा नाही. एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) सगळ्या व्हेरियंटला नाहीत, वर्षाप्रमाणेही बदलतं, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता त्या गाडीत आहे का ते बघा. आम्ही यासाठीच दोन गाड्या सोडल्या.

कागद. आरसीवर (गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर) बँकेचा बोजा चढलेला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 (तिकडच्या आरटीओची एनओसी). ई-चलान नंबर टाकून बघा आणि बाकी असेल तर मालकाकडून आधी भरून घ्या. 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर) पाटी बसवली आहे का बघा. पंधरा वर्षं जवळ आली असतील तर आरसी रिन्यूअल, फिटनेस आणि ग्रीन टॅक्स तुमच्या गळ्यात येणार हे लक्षात घ्या. इन्शुरन्स आपल्या नावावर 14 दिवसांत करून घ्या, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून हप्ता वाढतो. पैसे बँकेतूनच द्या आणि ताबा घेताना तारीख आणि वेळ टाकून दोघांच्या सह्यांचा कागद करा. विकणाऱ्यांनाही सांगतो, नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर कायद्याने मालक तुम्हीच, त्यामुळे "करतील नंतर ट्रान्सफर" असं सोडू नका.

आता पैसे. आम्ही 7 लाखांची तयारी केली होती पण गाडी 6 लाख 20 च्या वर घ्यायची नाही असं बायकोने आधीच बजावलं होतं, 80 हजार पहिल्या महिन्यासाठी. तेच वाचवणारं ठरलं. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला होता बेल्ट मागच्या वर्षी बदललाय, बिल सापडत नाहीये. मी विश्वास ठेवला नाही असं नाही, पण बिल नाही म्हणजे काम झालेलं नाही असंच धरायचं हे मामांचं सांगणं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी कव्हर खोलायला लावलं. बेल्टला बारीक चिरा होत्या. त्या संध्याकाळी आम्ही सगळे चिपळूणला निघणार होतो. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदम बदलला (परत तेवढंच खोलायची मजुरी नको म्हणून), इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शिअलचं ऑइल, कूलंट, डिझेल फिल्टर, ब्रेक ऑइल, पुढचे ब्रेक पॅड, बॅटरी, दोन टायर. साधारण 72 हजार गेले. आईची पायरी त्यातच बसली.

जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करायला लावा आणि आपला नवा घ्या, नाहीतर पहिल्याच टोलला खोळंबा. गाडीत एक वही ठेवा, डिझेल किती भरलं, किती किलोमीटरला काय बदललं, तारखेसकट, आमच्यात हे काम मोठ्या मुलीकडे आहे. लांबचा पहिला प्रवास रात्री नको, दिवसा करा, आणि घाट चढून वर आल्यावर दहा मिनिटं थांबून बॉनेट उघडून बघा, कुठे ओल, कुठे वास. आम्ही घाटमाथ्यावर थांबलो, बाबांनी टॉर्च घेऊन खालून बघितलं, आत्याने मागच्या सीटवरून विचारलं सगळं ठीक आहे ना, आणि मग आम्ही पोफळीकडे उतरायला लागलो.