घाट उतरून आलात, आता बागेतल्या जेवणाचं बघू

मराठवाड्यातून, विदर्भातून बदली होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात आलेल्यांना एप्रिल-मेमध्ये एक बोलावणं हमखास येतं : रविवारी आंब्याच्या कलमांच्या बागेत या, जेवायलाच या. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, सकाळपासून चूल धडधडत असते आणि आग्रह करणारे हात पुष्कळ असतात. मी मूळचा परभणीचा, इथे संसार मांडून बरीच वर्षं झाली. साखर, रक्तदाब सांभाळणारी तुमच्यासारखी माणसं मला सारखं विचारतात, अशा जेवणाला जावं की टाळावं? जरूर जा. कोकणातलं रोजचं घरचं जेवण तब्येतीला फार चांगलं आहे. बिघडतं ते सणासुदीच्या बेतात. म्हणून बागेतही त्या रोजच्या जेवणातलेच पदार्थ हक्काने मागा.

आधी उन्हाचं. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग निवतं. इथे हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो. समुद्राचा वारा सुटला की बरं वाटतं, पण शरीरातलं पाणी जातच असतं. तहान लागायची वाट पाहू नका. शहाळं, पातळ ताक, नाहीतर उकड्या तांदळाची पेज घ्या. धान सालीसकट उकडताना सालीतलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, म्हणून ही पेज साध्या पांढऱ्या भातापेक्षा सरस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र शहाळं डॉक्टरांना विचारूनच, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

कोकम सरबताबद्दल नवी मंडळी हमखास फसतात. बाटलीतला पाक साखरेत मुरवलेला असतो. त्याचे तीन-चार पेले म्हणजे मिठाई खाल्ल्यासारखंच. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या घट्ट रसात, साखर नसते, पण मीठ भरपूर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि इथल्या पानात आगळ, सुकट, लोणचं, पापड एकत्र आले तर ते कधी ओलांडलं कळतही नाही. सोलकढी वाटीभर जरूर प्या. पण ती नारळाच्या दुधाची असते, तेव्हा पाण्यासारखी पेल्यामागून पेले नको.

आता मासे. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथे चूक महागात पडते. बांगडा, तारली, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं अपायकारक द्रव्य तयार होतं. ते तळून, भाजून, उकळून जात नाही, आणि माशाला वासही येईलच असं नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. म्हणून सकाळी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी आणणार असाल तर जितका मासा तितकाच बर्फ घ्या आणि मसाला लावलेले तुकडेही चूल तयार होईपर्यंत बर्फातच राहू द्या. शिजलेलं कालवणही भर उन्हात तासाभराहून जास्त उघडं राहिलं तर मुलांना देऊ नका. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, शिजल्यावर ज्या उघडल्या नाहीत त्या टाकून द्यायच्या. घरात कुणी गरोदर असेल तर तिला मोरी (शार्क मासा) नको, शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो. बांगडा, तारली, मांदेली खुशाल द्या.

रवा लावून तव्यावर तेलात परतलेला तुकडा सगळ्यांनाच आवडतो. तो एक घ्या, आणि बाकीचा मासा केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजायला सांगा. आल्या-लसणाचं वाटण, हळद, थोडं आगळ, बस. नारळाच्या सोडणं-करवंट्यांची ज्वाळा पूर्ण बसून निखारे राखाडी झाले की मगच मासा ठेवायचा. जाळावर काळा पडलेला, तेल ठिबकून धुरकटलेला भाग खाऊ नये, त्यात अपायकारक द्रव्यं तयार होतात. हे काम मी नेहमी स्वतः मागून घेतो. चुलीजवळ बसलेल्या माणसाला कुणी आग्रह करत नाही.

कोंबडीवड्यांचा बेत असेल तर वडे दोनच, आणि रस्सा नाचणीच्या भाकरीबरोबर. ज्वारीवर वाढलेल्या आपल्या पोटाला भाताने भरल्यासारखं वाटत नाही, नाचणीने वाटतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाला ते जमत नाही. भाकरी मागितली तर घरातल्या वयस्कर बायकांना बरंच वाटतं, आणि कुळथाची पिठीही आहे का विचारलंत तर त्या तुम्हाला आपलंच मानतील. शाकाहारी असाल तर ओल्या काजूची उसळ, कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी आहेच. निखाऱ्यात भाजलेल्या आठळ्या (फणसाच्या बिया) मुलांना द्या, वेफर्सची पाकिटं आपोआप मागे पडतात. काजू मात्र स्वतः सोलायला जाऊ नका, सालीतला चीक कातडी भाजतो.

पोपटीविषयीही, म्हणजे मडक्यात शेंगा भरून जाळावर भाजतात त्या बेताविषयीही, विचारलं जातं. ती अलिबागकडची आणि थंडीतली, वालाच्या शेंगा भरल्या की. उन्हाळ्यात शोधू नका.

राहिला हापूस. मधुमेह असेल तरी आंबा वर्ज्य नाही, पण जेवण, वर आमरस, वर पुरी हे एकाच बैठकीत नको. रसात साखर मिसळलेली असते आणि वाटीत किती आंबे गेले ते दिसत नाही. अर्धा-एक आंबा दुपारी चारच्या सुमाराला कापून खा आणि त्या दिवशी भात कमी घ्या. यजमान पेटीच समोर ठेवतील. "घरी घेऊन जातो काका, उद्या खाईन" म्हटलं की कुणी रागावत नाही, उलट दोन आंबे जास्तच बांधून देतात.