विरळ आडनावाचे मूळ आणि पसारा कसा शोधावा: विदर्भातील खेड्यांसाठी

आपले आडनाव तालुक्यात दुसऱ्या कोणाचेही नाही, हे लक्षात आले की माणूस आधी मोबाइलवर शोधतो आणि तेथे त्याला आडनावांचा एखादा कोश सापडतो. त्यात दोन ओळींचा अर्थ, एखादे राजघराणे आणि वरून चिकटवलेले गोत्र असते. हा सगळा ऐवज बाजूला ठेवावा. मी स्वतःच्या, सासुरवाडीच्या आणि ओळखीतल्या दहा-बारा घरांच्या आडनावांचा माग काढला आहे, आणि त्यांपैकी एकाही शोधात अशा कोशाचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो तहसीलच्या अभिलेख कक्षातील कागदांचा, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा आणि पायपिटीचा. घरातील वडीलधाऱ्यांकडून पणजोबांपर्यंतची नावे, शेतांचे क्रमांक, कुलदैवत आणि देवक लिहून घेतले आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

आधी आडनावाची ठेवण पाहावी

विदर्भात गावावरून पडलेल्या आडनावाला ‘कर’ लागतेच असे नाही; गावनावाला नुसता एकार लागूनही आडनाव होते. उदाहरणादाखल ‘पिंपळखुटे’ घेऊ. पिंपळखुटा नावाची गावे विदर्भात एकाहून अधिक जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे नकाशावर सापडलेल्या पहिल्याच पिंपळखुट्याला मूळ गाव ठरवणे हा उतावळेपणा आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गाव सोडून दुसरीकडे वस्तीला गेलेल्या घराला नव्या गावचे लोक जुन्या गावावरून ओळखू लागतात आणि तेच पुढे आडनाव होते. मूळ गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच त्या गावाचे नाव लावून काय साधणार? म्हणून आडनावातील गावात त्या आडनावाचे एकही घर नसणे हा शोध फसल्याचा पुरावा मानू नये. बहुतेक वेळा तसेच असायला हवे.

‘वार’ने संपणारे आडनाव असेल तर रोख दक्षिणेकडे ठेवावा. चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळच्या दक्षिण भागात ही आडनावे दाट आहेत आणि हा ‘वार’ तेलुगूतील ‘वारु’चा, म्हणजे ‘अमुक घरचे’ या अर्थाचा आहे. अशा घराचे भाऊबंद तेलंगणातील आदिलाबादच्या बाजूला शोधताना एक अडचण येते. तेलुगू रीतीत घराणेनाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर येते, शिवाय घराणेनावाचे पुष्कळदा केवळ आद्याक्षर लिहिले जाते. तेथील यादीत शेवटचा शब्द आडनाव समजून शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो.

देशमुख, देशपांडे, पाटील, चौधरी ही वतनाची किंवा मानाची नावे असल्याने त्यांच्या पसाऱ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. ती लावणाऱ्या घराचे त्यामागचे जुने आडनाव असेल तर ते शोधावे.

उच्चाराची सगळी रूपे कागदावर मांडावीत

वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया होतो. त्यामुळे पिंपळखुटे बोलण्यात ‘पिंपयखुटे’ होतात, हिंदी वळणाचा कारकून ते ‘पिंपलखुटे’ लिहितो आणि शिकलेला मास्तर पुन्हा ‘पिंपळखुटे’ करतो. ‘ण’चा ‘न’ होतो, ‘खेडे’चे ‘खडे’ होते. एकाच चुलत घराण्यातील वानखेडे आणि वानखडे हे तर सर्वांच्या पाहण्यातले आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दही तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे आणखी दोन-तीन रूपे तयार होतात. तुमचे आडनाव खरोखर विरळ आहे की एखाद्या नेहमीच्या आडनावाचे बिघडलेले लेखन आहे, हे बऱ्याचदा याच यादीवरून समजते. तसे निघाले तर नाराज होण्याचे कारण नाही. शोध उलट सोपा होतो.

आजचा पसारा

यासाठी मतदार यादी पुरते. विदर्भात विधानसभेचे 62 मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकाची यादी भागवार मिळते. त्या फाइलींमध्ये शोधाची सोय बहुधा चालत नसल्याने डोळ्यांनीच वाचावे लागते. माणसे मोजू नयेत, घरे मोजावीत, कारण लग्नानंतर आडनाव बदलल्यामुळे सुना यादीत येतात आणि लेकी बाहेर जातात. नागपूर, अमरावती, अकोला या शहरांतील घरे वेगळ्या रकान्यात लिहावीत. 1867 मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली, 1877 मध्ये तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा येथेही गिरण्या निघाल्या. शहरांतील गर्दी ही त्यानंतरची आहे आणि मूळ शोधताना तिचा उपयोग नाही. खेड्यांतील घरे तालुक्याच्या नकाशावर टिंबांनी दाखवली की पुंजका आपोआप दिसतो.

पुंजक्यापासून दूर, एकाच गावात एकच घर दिसले तर आधी घरजावई किंवा दत्तक यांची चौकशी करावी. सासऱ्याची जमीन लेकीकडे आली की त्या गावात नवे आडनाव रुजते, आणि त्याचा स्थलांतराच्या कोणत्याही मोठ्या कथेशी संबंध नसतो.

जुन्या कागदात आडनाव नसते

बहुतेकांचा शोध येथे थांबतो. माझा दोन वर्षे थांबला होता. मी अभिलेख कक्षात जाऊन कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची, एकेक वही उघडत होतो, आडनाव शोधत होतो, आणि ते कोठेच नव्हते. नंतर उमगले की ते तेथे असणारच नव्हते. जुन्या नोंदीत ‘महादू वल्द तुकाराम, जात कुणबी, राहणार मौजा अमुक’ एवढेच असते. वल्द म्हणजे मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. आडनावाच्या जागी जात लिहिलेली असते. जन्माच्या नोंदीत तर बाळाचेही नाव बहुधा नसते, केवळ बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढी नोंद असते. खेड्यातील कित्येक घरांचे आडनाव पहिल्यांदा कागदावर आले ते शाळेत, कारण मास्तरांनी विचारल्याशिवाय ते सांगण्याची कोणाला गरज पडली नव्हती. म्हणून दाखल-खारीज रजिस्टर हा आडनावाचा सर्वांत जुना पुरावा असू शकतो, आणि त्याच्या मागे जायचे असेल तर आडनावाचा हात सोडावा लागतो.

मग धरायचे काय? शेत. माणसांची नावे फिरून फिरून तीच येतात, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. शेत मात्र जागचे हलत नाही. आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक फेरफार उलट्या क्रमाने पाहत जावे. वारसाचा फेरफार सर्वांत मोलाचा असतो, कारण त्यात मृताचे नाव आणि त्याचे सगळे वारस एकाच ठिकाणी येतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी कोणत्या गावी नांदत आहेत, हेही त्यात कधी कधी सापडते. मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत सारा वसूल करण्याची पद्धत, 1951 मध्ये संपल्यानंतर 1954-55 च्या सुमारास तयार झालेला अधिकार अभिलेख हा पुढचा टप्पा आहे. त्याच्याही मागे पूर्व विदर्भात बंदोबस्ताचे, म्हणजे सारा आकारणीचे, कागद आणि खसरे (शेतवार नोंदी) आहेत, तर वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, सर्व्हे क्रमांकाचे कागद आहेत. हा फरक ध्यानात ठेवावा. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले आणि तेथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीची रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याच्या नावे सारा ठरवणारी, मोजणी झाली. नागपूरचे भोसले राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि तेथे मालगुजारी आली. वर्धा नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा कागद एकसारखा नसतो, आणि एका बाजूचा जाणकार दुसऱ्या बाजूला बिनधास्त चुकीचा सल्ला देतो.

आता इशारा, जो मला कोणी दिला नाही. ‘महादू वल्द तुकाराम’ सापडला म्हणजे तो आपलाच महादू असे समजू नये. मी समजलो होतो. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, जात आणि मौजा अशा चारही गोष्टी जुळल्या होत्या. त्या आनंदात मी त्या महादूच्या मागच्या तीन पिढ्या काढल्या, नकला घेतल्या, वंशावळीचा तक्ता रंगवून घरात लावला आणि भावकीला चहाला बोलावले. पुढे आमच्या शेताचा क्रमांक त्या महादूच्या नोंदीशी ताडून पाहिला, तेव्हा त्याचे शेत गावाच्या दुसऱ्या शिवेला निघाले. गावात एकाच काळी दोन महादू वल्द तुकाराम होते. तक्ता उतरवला, भिंतीवर खिळा अजून आहे. तेव्हापासून माझा नियम असा आहे की नावाबरोबर शेताचा क्रमांक जुळल्याशिवाय एकही पिढी पक्की धरायची नाही. नाव आणि भाऊ जुळले तर पेन्सिलने लिहावे, शेतही जुळले तरच शाईने.

शेत जुळवताना गट क्रमांकाला फसू नये. जमिनींच्या एकत्रीकरणात पुष्कळ ठिकाणी क्रमांक बदलले, म्हणून जुन्या आणि नव्या क्रमांकांचा ताळा दाखवणारे पत्रक भूमी अभिलेख कार्यालयातून आधी मागून घ्यावे. या पत्रकाशिवाय केलेली जुळवणी ही अंदाजाची गोष्ट आहे, मग सांगणारा कितीही वयोवृद्ध असो.

संक्षेपांनीही माणसे ठेचकाळतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीन वारसाचा पालक), ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एका गृहस्थांनी मला आपल्या पूर्वजांचे मूळ आडनाव ‘अपाक’ असल्याचे मोठ्या विश्वासाने सांगितले होते आणि ते इराणहून आल्याची उपपत्तीही जोडली होती.

कोणत्या कचेरीत जावे

आजचा जिल्हा पाहून निघू नये. वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून आणि गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळे झाले, त्यामुळे जुना कागद जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी असू शकतो. 1905 पूर्वी वऱ्हाडात एलिचपूर (आजचे अचलपूर) आणि बाशीम (आजचे वाशीम) असे वेगळे जिल्हे होते, हेही जुन्या कागदावरील शिरोभाग वाचताना आठवावे. अर्ज, तिकीट आणि नक्कल हे नेहमीचे काम आहे. कापूस वेचणीच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत जाऊ नये. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे, पण तो वाचत असताना शेजारी बसावे आणि आपल्याला हवे असलेले आडनाव त्याला आधी सांगू नये. सांगितले की त्याला तेच दिसू लागते.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. घरातील कोणी पूर्वी तेथे विधीसाठी गेला असेल तर त्याने लिहवून ठेवलेली भाऊबंदांची नावे आणि गाव तेथे मिळू शकते. ही नोंद यजमानाने स्वतः सांगितलेली असते, म्हणून तिच्यात आडनाव येण्याचा संभव सरकारी कागदापेक्षा जास्त असतो.

एकच आडनाव, दोन घराणी

दोन दूरच्या पुंजक्यांचे आडनाव एक असले तरी देवक आणि कुलदैवत विचारल्याशिवाय त्यांना भाऊबंद म्हणू नये. एकाची रेणुका माहूरची आणि दुसऱ्याचा खंडोबा असेल, देवकही वेगळे असेल आणि त्यांच्यात सोयरीक होत असेल, तर ती दोन घराणी आहेत आणि दोन वेगवेगळ्या पिंपळखुट्यांहून निघालेली असू शकतात. गोंड घरांत हाच प्रश्न किती देवांचे, चार, पाच, सहा की सात, असा विचारतात, आणि आडनावापेक्षा ते उत्तर अधिक भरवशाचे असते.

गावच सापडत नसेल तर

आडनावातील गाव आजच्या यादीत नसेल तर रिठी पाहावी. विदर्भात उजाड झालेल्या गावाचे नाव महसुली यादीत पुढे ‘रिठी’ लावून टिकून राहते. शिवार असते, क्रमांक असतात, वस्ती नसते. रोगराई, 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ किंवा नुसते पाण्याचे हाल अशा कारणांनी गावे उठली आणि माणसे शेजारच्या मौजात गेली. अशी रिठी पुंजक्यापासून चार-पाच कोसांच्या आत असेल तर माझ्या मते ती पहिली दावेदार समजावी, मग लांबच्या जिल्ह्यात त्याच नावाचे नांदते गाव का असेना.

तेथे प्रत्यक्ष जावे, आणि पेरणीच्या आधी, मे महिन्यात जावे, कारण नंतर उभ्या पिकात काही दिसत नाही. काळ्या शिवाराच्या मधोमध पांढऱ्या मातीचा उंचवटा दिसला की ती जुनी पांढरी, म्हणजे वस्तीची जागा. आमच्या रिठीत नांगराच्या तासांत खापरांचे तुकडे वर आलेले होते आणि बोरीखाली शेंदूर लावलेला मारुती होता. शेत ज्यांचे आहे ते वेगळ्याच आडनावाचे गृहस्थ. त्यांनी सांगितले की पोळ्याच्या दिवशी पलीकडच्या गावातून दोन घरे अजूनही बैल घेऊन या मारुतीला येतात. त्या दोन घरांचे आडनाव विचारून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या सातबाऱ्याच्या नकलेसाठी अर्ज केला.