पोर्ट्रेट काढताय? आधी दुसरा लाईट बंद करा

शिकायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, अजून एक लाईट घेऊ काय?" आहे तो नीट लावून बघितलास काय म्हटलं, की गप्प.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही सारख्याच ताकदीचे. मग नाकाला दोन सावल्या, डोळ्यांत दोन-दोन ठिपके आणि चेहरा सपाट. कोल्हापुरातल्या गंगावेशीतला एक पैलवान असाच फोटो घेऊन माझ्याकडे आला होता. तालमीत लावायचा होता. केशरी फेटा, दंड, मान सगळं होतं. पण कुस्तीत मोडलेले कान, जे पैलवान मिरवतो, ते गालात मिसळून गेले होते. तीन लाईट लावले होते म्हणे.

मी एकच सॉफ्टबॉक्स ठेवला, म्हणजे उजेड मऊ करायला फ्लॅशवर बसवलेली, पुढं पांढरं कापड असलेली पेटी. कॅमेऱ्याच्या डावीकडे, तोंडापासून तीनेक फुटांवर, डोळ्यांच्या वर, जरा खाली झुकवून. तोंड लाईटकडे वळवायला लावलं आणि दुसऱ्या बाजूला फ्रेमच्या बाहेर काळं कापड धरलं, म्हणजे पांढऱ्या भिंतीवरून परत येणारा उजेडही अडला. उजेड गालावरून घसरत कानापर्यंत आला आणि कानाची एकेक गाठ उठून दिसली. स्क्रीन बघून पैलवान म्हणाला, "आता कान दिसाय लागला बघा, मामा."

दिशा असलेला उजेड काय करतो हे कोल्हापुरात शिकवावं लागतं, याचंच मला नवल वाटतं. किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन अंबाबाईच्या चरणांपासून वर चढतात, ते बघायला हीच पोरं गर्दीत उभी असतात. तिथं मोबाईल वर करण्यापेक्षा नुसतं बघा की!

दुसरा हट्ट अंतराचा. लाईट फ्रेममध्ये येतो म्हणून आठ फूट मागं नेतात आणि ताकद वाढवतात. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई उरतो, आणि वर सावलीची कड कडक होते. उजेडाचा मऊपणा सॉफ्टबॉक्सच्या किमतीवर नाही, सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानानं केवढा मोठा दिसतो यावर ठरतो. मी तो फ्रेममध्ये दिसेपर्यंत पुढं आणतो, मग बोटभर मागं सरकवतो. नवरा-नवरी शेजारी उभे असतील तेव्हा मात्र मागं न्यावाच लागतो, नाहीतर एकजण उजळ आणि दुसरा काळा.

खोलीतली ट्यूबलाईट चालू ठेवून फ्लॅश मारू नका. अर्धं कातडं हिरवट येतं आणि मग रंग दुरुस्त करण्यात रात्र जाते. माझी सवय: फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढायचा. तो पूर्ण काळा आला पाहिजे, म्हणजे खोलीतला उजेड फोटोत मिसळत नाही हे कळतं. फ्लॅश मारलेल्या फोटोत काळा पट्टा येत असेल तर शटरचा वेग फ्लॅशच्या मर्यादेबाहेर गेलाय, 1/160 सेकंदावर आणा.

माणसाला मागच्या पडद्याला चिकटवून उभं करू नका, पाच-सहा फूट पुढं घ्या. वाइड लेन्स घेऊन तोंडाजवळ गेलात तर नाकच मोठं येणार. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) 85 एमएमची लेन्स, क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरचा) 50 ची, आणि सहा फुटांवरून काढा.

फेट्याचं तर बोलूच नये. डोकं कापलेले क्लोजअप बघून बघून पोरं तुराही कापतात. बिचाऱ्यानं हौसेनं बांधून घेतलेला असतो. तुऱ्याच्या वर चार बोटं जागा सोडा, आणि खाली कापायचं झालं तर मनगट, कोपर, गुडघा यांवर कधीच नको. पांढरा फेटा असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, फेट्यावर बघा. त्याच्या चुण्या जास्त उजेडात एकदा उडाल्या की परत येत नाहीत.

चष्म्यावरची चमक "फोटोशॉपमध्ये काढू" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. लाईट वीतभर वर घ्या, चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा उचला म्हणजे काचा खाली झुकतात. दोन मिनिटांचं काम आहे.